वाढीची वही: मुलांचे वयात येणे घरी कसे नोंदवावे आणि ग्रंथींच्या क्रमाने कसे वाचावे

विदर्भातल्या शाळा ऊन ओसरल्यावर जूनच्या अखेरीस उघडतात, आणि आठवीच्या वर्गात पहिल्या दिवशी पाऊल टाकले की सुटीत काय काय घडून गेले ते एका नजरेत कळते. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते, आवाज घोगरा झालेला असतो आणि गणवेशाची पँट घोट्याच्या वर गेलेली असते. शेजारचा मात्र अजून पाचवीतला वाटावा इतका लहान दिसतो. नागपुरातल्या माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले. पालकसभेत गुणांचे बोलून झाल्यावरही दाराशी घुटमळणाऱ्या आयांचा प्रश्न बहुतेक वेळा याच विषयाचा असे. "मॅडम, हा वाढूनच नाही राहिला हो," असे एक म्हणे, आणि तिच्या मागे उभी असलेली दुसरी हळू आवाजात विचारी, "हिची पाळी एवढ्या लवकर कशी काय आली?"

हे दोन्ही प्रश्न वयाच्या आकड्यावरून विचारलेले असतात. वाढदिवस मात्र शरीराला ठाऊक नसतो. मेंदूतला अधश्चेतक, त्याच्या खाली लोंबणारी पीयूषिका ग्रंथी, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि मुलीचे अंडाशय किंवा मुलाची वृषणे यांचा आपसांत ठरलेला एक क्रम असतो, आणि एका टप्प्यानंतर दुसरा यायला किती काळ लागावा याचीही ढोबळ रीत असते. हा क्रम नीट लागलेला असेल, तर वर्ष-दीड वर्षाच्या मागेपुढेपणाने घाबरण्याचे कारण सहसा नसते. क्रम मोडला असेल, तर मूल वयाने 'बरोबर' असले तरी डॉक्टरांकडे जायला हवे. क्रम डोळ्यांना दिसावा म्हणून घरी एक वही ठेवावी, ती कशी ठेवावी आणि तिच्यातल्या प्रत्येक नोंदीमागे कोणती ग्रंथी काम करत असते ते कसे ओळखावे, हे मी येथे सांगणार आहे.

वहीची तयारी

शंभर पानी साधी वही, लोखंडी मापपट्टी आणि सुताराचा गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचे पुस्तक एवढे पुरते. ज्या भिंतीच्या पायथ्याशी बाहेर आलेली फरशीची पट्टी नाही, अशी भिंत निवडावी. मुलाने अनवाणी उभे राहून टाचा, पार्श्वभाग आणि खांदे भिंतीला टेकवावेत, नजर समोर ठेवावी; मुलीने वेणी किंवा अंबाडा सोडावा. पुस्तक डोक्यावर काटकोनात टेकवून भिंतीवर खूण करावी, मूल बाजूला झाल्यावर जमिनीपासून खुणेपर्यंत मोजावे, आणि हेच पुन्हा एकदा करून दोन मापांची सरासरी लिहावी. माप नेहमी सकाळी घ्यावे, कारण दिवसभर उभे राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची सुमारे एका सेंटिमीटरने कमी भरते. सकाळ-संध्याकाळच्या या फरकामुळे 'उंची वाढायची थांबली' असा समज करून घेतलेली घरे मी पाहिली आहेत.

माप वर्षातून चार वेळा घ्यावे. तारखा लक्षात राहाव्यात म्हणून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि दिवाळीची सुटी हे दिवस मी सुचवते. वाढीचा वेग काढताना मात्र एका १५ ऑगस्टची तुलना मागच्या १५ ऑगस्टशीच करावी. तीन महिन्यांच्या फरकाला चारने गुणून वर्षाचा वेग काढू नये, कारण लहानशी चूकही चौपट होते. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलामुलींसाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांची प्रत बालरोगतज्ज्ञांकडून मागून घ्यावी आणि वहीला चिकटवावी.

पहिल्या पानावर आईवडिलांची उंची लिहावी. मुलगा असेल तर दोघांच्या उंचीच्या बेरजेत १३ सेंटिमीटर मिळवून निम्मे करावे, मुलगी असेल तर बेरजेतून १३ वजा करून निम्मे करावे. येणारा आकडा हा मुलाच्या प्रौढ उंचीचा ढोबळ अंदाज असतो आणि त्यापासून आठ-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे. त्याच पानावर आईला पहिली पाळी कितव्या वर्षी आली आणि वडील कोणत्या इयत्तेत एकदम उंच झाले, हेही लिहावे, कारण वयात येण्याच्या वेळेत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो. वडिलांना हे सहसा आठवत नाही. माझा मुलगा नववीत असताना वर्गात सर्वांत बुटका होता आणि मी रात्ररात्र काळजी करत होते. शेवटी त्याच्या वडिलांचा दहावीचा सामूहिक फोटो सासूबाईंच्या ट्रंकेत सापडला. त्यात ते पहिल्या रांगेत, मांडी घालून बसलेल्या लहान मुलांमध्ये होते. पुढे दोन वर्षांत ते ताडमाड वाढले होते. मुलगाही तसाच वाढला.

जन्माआधीचे पान

प्रजननसंस्थेची वाढ बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू होते असे आपण समजतो, पण वहीचे खरे पहिले पान गर्भातले आहे. सहाव्या आठवड्यापर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या गर्भात काही फरक दिसत नाही: दोघांतही जननग्रंथीचा एकच कच्चा अंकुर असतो आणि शेजारी नलिकांच्या दोन जोड्या असतात, वुल्फच्या आणि म्युलरच्या. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचे जनुक असते, ज्याचा शोध १९९० साली लागला. ते सातव्या आठवड्याच्या सुमारास काम करू लागले की अंकुराचे वृषण बनते, आणि हे इवलेसे वृषण लगेच दोन संप्रेरके सोडू लागते. एएमएच हे संप्रेरक म्युलरच्या नलिका विरघळवून टाकते. टेस्टोस्टेरॉन वुल्फच्या नलिकांना जगवते आणि त्यांपासून शुक्रवाहिन्या घडतात. या टेस्टोस्टेरॉनचाच थोडा भाग ऊतींमध्ये डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये बदलतो आणि बाह्य जननेंद्रिये पुरुषाची होतात. ही दोन संप्रेरके नसतील तर म्युलरच्या नलिका टिकतात आणि त्यांपासून गर्भाशय व अंडनलिका बनतात. अल्फ्रेड जोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात सशाच्या गर्भातली वृषणे काढून हे दाखवून दिले: वृषणाविना वाढलेल्या नर गर्भातही मादीच्या नलिका तयार झाल्या.

ज्या घरात अजूनही मुलगी झाली म्हणून आईला बोल लावला जातो, त्या घरात हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा. वाय गुणसूत्र पित्याकडून येते, आणि पुढचे काम गर्भाच्या स्वतःच्या ग्रंथी करतात.

मुलीच्या अंडाशयातील बीजांडांचा साठाही याच काळात ठरतो. गर्भाच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास तो ६० ते ७० लाखांवर पोचतो, जन्मावेळी १० ते २० लाख उरतो, वयात येताना ३ ते ४ लाख असतो आणि आयुष्यभरात त्यांपैकी सुमारे ४०० बीजांडेच पक्व होऊन बाहेर पडतात.

जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत पीयूषिका एकदा जागी होते. मुलग्यांच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात प्रौढाजवळ पोचेल इतके चढते आणि सहाव्या महिन्यापर्यंत उतरते. वृषणे खाली उतरली आहेत की नाहीत हे याच काळात डॉक्टरांकडून तपासून वहीत लिहून घ्यावे. सहा महिन्यांनंतरही एखादे उतरले नसेल, तर शल्यचिकित्सकांचे मत घ्यायला उशीर करू नये. त्यानंतर मेंदू स्वतःच अधश्चेतकाला लगाम घालतो आणि पुढची सात-आठ वर्षे या पानांवर उंचीशिवाय लिहिण्यासारखे काही नसते.

सहा ते आठ वर्षे: ज्या नोंदीने फसगत होते

दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास येऊ लागतो, कपाळ तेलकट दिसते, एखादी पुटकुळी येते, आणि नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये तर हा वास आईला चटकन जाणवतो. हे काम अधिवृक्क ग्रंथींचे आहे. सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान त्या डीएचईए नावाचे सौम्य पुरुषी संप्रेरक जास्त प्रमाणात सोडू लागतात, आणि काखेतले व जांघेतले पहिले केसही बहुतांशी त्याच्यामुळे येतात. अधिवृक्क ग्रंथींचे हे जागे होणे आणि खरे वयात येणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. पहिली घडली म्हणून दुसरी लगेच मागून येते असे नाही. म्हणून केस आणि घाम यांची नोंद वहीत वेगळ्या रकान्यात करावी. फक्त हे फार लवकर, म्हणजे मुलीत आठ आणि मुलग्यात नऊ वर्षांच्या आत, ठळकपणे दिसले आणि उंचीही झपाट्याने वाढू लागली, तर अधिवृक्क ग्रंथीचा विकार नाही ना हे डॉक्टरांनी पाहणे आवश्यक असते.

घंटा वाजू लागते

खऱ्या सुरुवातीचा आवाज बाहेर ऐकू येत नाही. अधश्चेतकातल्या काही चेतापेशी जीएनआरएच नावाचे, अवघ्या दहा अमिनो आम्लांचे संप्रेरक पुन्हा सोडू लागतात, आणि तेही सलग नाही, ठरावीक अंतराने. सुरुवातीला फक्त रात्री, मूल झोपेत असताना. त्यांना जागे करणारे किसपेप्टिन हे प्रथिन आणि त्याचा ग्राहक, म्हणजे ते ओळखणारी पेशीवरची जागा, वयात येण्यासाठी किती आवश्यक आहेत हे २००३ साली कळले, जेव्हा हा ग्राहक सदोष असलेल्या कुटुंबांतली माणसे वयातच आली नव्हती असे आढळले. या चेतापेशींचा प्रवासही विलक्षण आहे. गर्भात त्या नाकाच्या अंकुरात जन्मतात आणि तिथून मेंदूत जातात. हा प्रवास अडला तर मुलाला वास येत नाही आणि ते वयातही येत नाही. म्हणून उशीर झालेल्या मुलाला हिंगाचा, कापराचा वास येतो का, हा प्रश्न डॉक्टर विचारतात तेव्हा त्यांनी विषय सोडला असे समजू नये.

ठरावीक अंतराचे महत्त्व मी वर्गात शाळेच्या घंटेवरून समजावत असे. तासातासाने टोल पडतो म्हणून वर्ग बदलतात. तीच घंटा कोणी दिवसभर सलग वाजवत ठेवली तर दुपारपर्यंत तिच्याकडे कोणी लक्ष देणार नाही. अर्न्स्ट नोबिल यांच्या प्रयोगशाळेने १९७८ साली माकडांवर नेमके हेच दाखवले: जीएनआरएच तासाला एकदा दिले की पीयूषिका काम करते, सलग दिले की ती गप्प बसते. फार लवकर वयात येणाऱ्या मुलांना आज जे इंजेक्शन देतात ते याच तत्त्वावर चालते, आणि ते बंद केल्यावर घंटा पुन्हा आपल्या लयीत वाजू लागते.

टोल ऐकून वाटाण्याएवढी पीयूषिका दोन संप्रेरके रक्तात सोडते, पुटिका ग्रंथी संप्रेरक आणि पीतपिंडकारी संप्रेरक. डॉक्टरांच्या कागदावर ती एफएसएच आणि एलएच अशी असतात. नावे स्त्रीच्या अंडाशयावरून पडली असली तरी मुलग्यांतही तीच दोन असतात. अंडाशय आणि वृषण आपले संप्रेरक बनवू लागले की ते रक्तातून वर जाऊन पीयूषिकेला आवर घालते. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढले की फ्लोट वर उचलला जातो आणि नळ आपोआप बंद होतो, तसाच हा प्रकार आहे. हा फ्लोट लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

मुलीची पाने

मुलीमध्ये पहिली खूण बहुधा स्तनाग्राखाली बोराएवढी, दाबल्यावर दुखणारी गाठ अशी येते, आणि ती ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान केव्हाही येऊ शकते. ती अनेकदा आधी एकाच बाजूला येते. दुसरी काही महिन्यांनी येते. आया कर्करोगाच्या भीतीने रडताना मी पाहिल्या आहेत. ही गाठ म्हणजे अंडाशयाने इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवायला सुरुवात केल्याची पावती आहे. वहीत त्या महिन्याची नोंद करावी, कारण पुढचा सगळा हिशोब इथून चालतो. ही नोंद मुलीने स्वतः सांगितल्यावरून करावी. तिला उभे करून तपासणे, किंवा आत्या-मावशींसमोर त्याची चर्चा करणे, हे होता कामा नये.

यानंतर उंची झपाट्याने वाढते. आधी वर्षाला ५-६ सेंटिमीटर असलेला वेग ८ च्या आसपास जातो, कंबर रुंदावते, आणि गाठ दिसल्यापासून साधारण दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. उंचीचा सर्वाधिक वेग पाळीच्या आधी येऊन गेलेला असतो. पाळी आल्यानंतर मुली सहसा ५ ते ७ सेंटिमीटरच वाढतात. म्हणून 'पाळी आली, आता उंचीसाठी काहीतरी करू' हा विचार उशिराचा असतो. उंचीची काळजी असेल तर ती गाठ दिसली त्या महिन्यात करायची असते.

पाळीची नोंद करताना रक्त दिसलेला पहिला दिवस लिहावा आणि अंतर एका पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजावे. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. हा अनियमितपणा का येतो ते मुलीला जरूर सांगावे. पक्व चक्रात एफएसएचमुळे अंडाशयातली एक पुटिका, म्हणजे बीजांड सांभाळणारी पिशवी, वाढते, ती इस्ट्रोजेन सोडते आणि गर्भाशयाचे अस्तर जाड होते. इस्ट्रोजेन बराच काळ वर राहिले की पीयूषिका एरवीच्या उलट वागते, आवरण्याऐवजी उसळते, एलएचचा लोंढा सोडते आणि सुमारे दीड दिवसात बीजांड बाहेर पडते. रिकाम्या पुटिकेचा पीतपिंड होतो, तो प्रोजेस्टेरॉन बनवून अस्तर सांभाळतो, आणि गर्भ राहिला नाही तर सुमारे चौदा दिवसांनी मावळतो. आधार गेलेले अस्तर गळून पडते, तीच पाळी. इस्ट्रोजेनच्या चढाला उसळून उत्तर देण्याची ही कला पीयूषिका सर्वांत शेवटी शिकते. ती शिकेपर्यंत अनेक चक्रांत बीजांड सुटतच नाही, प्रोजेस्टेरॉन बनत नाही आणि अस्तर वेळापत्रक न पाळता गळते. मात्र रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालला, तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागले, किंवा वेदनेमुळे शाळा बुडू लागली, तर 'पहिलेवहिले आहे, होईल ठीक' असे म्हणून थांबू नये.

'बाहेरची' म्हणून मुलीला कोपऱ्यात बसवण्याची रीत नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यांत मी लहानपणी पाहिली आहे. ग्रंथींच्या या क्रमात विटाळाला कुठेही जागा नाही, आणि हे मुलीला घरातल्या मोठ्या बाईने स्पष्ट शब्दांत सांगावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलग्याची पाने

मुलग्यांची सुरुवात कोणाला दिसत नाही, आणि त्यामुळेच त्यांना उशीर झाल्यासारखा वाटतो. ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान पहिला बदल वृषणांच्या आकारात होतो. डॉक्टर तो वेगवेगळ्या आकाराच्या मण्यांच्या माळेशी ताडून पाहतात. ४ मिलिलिटरचा मणी जुळला की घंटा वाजली असे समजतात. घरी हे मोजायला जाऊ नये. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते, एफएसएच सर्टोली पेशींना शुक्रपेशींची जोपासना करायला लावते, आणि एका शुक्रपेशीच्या घडणीला सुमारे अडीच महिने लागतात.

उंचीची मोठी झेप मुलग्यांत उशिरा, निम्मा प्रवास झाल्यावर येते, आणि तिचा वेग वर्षाला ९-१० सेंटिमीटरपर्यंत जातो. मुली आधी उंच होतात आणि सातवीत मुलग्यांच्या डोक्यावरून बघतात, त्याचे कारण हेच. पुढे मुलगे वरचढ होतात, कारण झेप घेण्याआधी त्यांना सुमारे दोन वर्षे अधिक सावकाश वाढायला मिळालेली असतात. याच सुमारास स्वरयंत्र मोठे होऊन स्वररज्जू लांबतात, आवाज फुटतो, कंठमणी दिसू लागतो. जवळजवळ निम्म्या मुलग्यांत स्तनाग्राखाली छोटी गाठही येते आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप विरते. पोहायला जायचे अचानक सोडणाऱ्या, चाळीस अंशांतही बनियनवर शर्ट घालून बसणाऱ्या मुलाला बहुधा हीच लाज वाटत असते. वडिलांनी त्याला एकटे गाठून हे सांगितले की त्याचा जीव भांड्यात पडतो.

झोपेत वीर्य बाहेर पडणे हीदेखील याच क्रमातली एक नोंद आहे. तिला 'स्वप्नदोष' म्हणतात आणि या एका शब्दाने मुलांचे फार नुकसान केले आहे. भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती वाचून घाबरलेली, 'कमजोरी' आली म्हणून अभ्यासातून लक्ष उडालेली मुले माझ्या वर्गात होती. त्यात दोष नाही, अशक्तपणा नाही, त्यावर औषधही नाही. मुलाला हे आधी, म्हणजे सहावी-सातवीतच, सांगून ठेवावे.

हाडांचे गणित आणि बाकीच्या ग्रंथी

हाडांच्या टोकाशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्या जोवर खुल्या आहेत, तोवर उंची वाढते. त्या बंद करण्याचे काम मुलगा असो वा मुलगी, इस्ट्रोजेनच करते. मुलग्यांत ते टेस्टोस्टेरॉनपासूनच बनते. १९९४ साली एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली, ज्याच्या पेशींना इस्ट्रोजेन जाणवतच नव्हते: २८ व्या वर्षी त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि तो अजून वाढत होता. लवकर वयात आलेले मूल आधी वर्गात सर्वांत उंच आणि शेवटी बुटके का राहते, याचे उत्तर इथे आहे. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून डॉक्टर हाडांचे वय काढतात, आणि जन्मतारखेपेक्षा ते वय मुलाच्या पुढच्या वाढीबद्दल अधिक खरे बोलते.

वेळ ठरवण्यात इतरांचाही हात असतो. चरबीतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक मेंदूला शरीरात साठा पुरेसा आहे असे कळवते. म्हणून लठ्ठ मुलींत सुरुवात लवकर होताना दिसते, आणि उपाशी राहणाऱ्या किंवा अतिश्रमाने वाळलेल्या खेळाडू मुलींची पाळी लांबते किंवा थांबते. गळ्यातली अवटू (थायरॉइड) ग्रंथी मंदावली की उंची अडते आणि बहुधा वयात येणेही लांबते. आपल्या विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या आजाराच्या मुलांची वाढ आणि वयात येणे उशिरा होते, आणि सांधेदुखीचे, काविळीचे जुने प्रसंग घरच्यांनी वेगळ्याच खात्यात टाकलेले असतात. वहीत ते एकाच पानावर आले की डॉक्टरांना चटकन दिसतात. थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकारासाठी वारंवार रक्त चढवलेल्या मुलांत साचलेले लोह पीयूषिकेलाच इजा करते, त्यांची तर नोंद अधिक काटेकोर हवी.

आता फ्लोटकडे परत येऊ. व्यायामशाळेत कोणी दिलेले टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन टाकीत बाहेरून ओतलेल्या पाण्यासारखे असते: फ्लोट उचलला जातो, पीयूषिका एलएच थांबवते, स्वतःची वृषणे आकसतात आणि शुक्रपेशी घटतात, कोवळ्या वयात हाडांच्या पट्ट्याही लवकर मिटतात. उंचीची भुकटी आणि 'हार्मोन वाढवणारी' गोळी यांवर पैसे घालवू नयेत.

वही घेऊन केव्हा निघावे

मुलीला आठ वर्षांच्या आत किंवा मुलग्याला नऊच्या आत सुरुवात झाली. मुलीला तेराव्या वर्षापर्यंत स्तनवाढीची आणि मुलग्याला चौदाव्यापर्यंत वृषणवाढीची काहीच खूण नाही. पाळी पंधराव्या वर्षापर्यंत किंवा गाठ दिसल्यापासून तीन वर्षांत आली नाही. या स्थितींत वाट पाहू नये. लवकर सुरुवात मुलग्यात झाली तर अधिक गंभीर मानावी, कारण त्यांच्यात तिच्यामागे मेंदूतले किंवा अधिवृक्क ग्रंथीतले कारण सापडण्याची शक्यता जास्त असते. क्रम मोडल्याच्या खुणाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत: स्तनवाढ नसताना रक्तस्राव, मुलीचा आवाज जाड होणे किंवा दाढीमिशीसारखे केस, सोबत डोकेदुखी आणि नजर कमी होणे. भावंडांच्या मानाने फार बुटकी राहिलेली आणि वयात न येणारी मुलगी असेल तर गुणसूत्रांची तपासणी सुचवली जाते. टर्नर सिंड्रोम, म्हणजे मुलीत एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः नसणे, त्यात कळतो आणि त्यावर वेळेत उपचार करता येतात.

नागपुरात यासाठी मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये आणि मिहानमधले एम्स येथे बालरोग विभाग आहेत, आणि पाळीच्या तक्रारींसाठी डागा स्त्री रुग्णालय आहे. शासनाच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली 'मैत्री' केंद्रे किशोरांना स्वतः जाऊन बोलता यावे म्हणूनच आहेत. जाताना वही, आधीचे सर्व कागद आणि सिकलसेलची तपासणी झाली असल्यास तिचा निकाल न्यावा. एलएच आणि टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीसाठी रक्त सकाळी घेणे चांगले, कारण सुरुवातीच्या काळात घंटा रात्रीच वाजते आणि दुपारपर्यंत तिचा मागमूस उरत नाही. तपासणीच्या वेळी मुलाची परवानगी विचारली जावी आणि सोबत कोण थांबणार हे मुलाने ठरवावे, असे डॉक्टरांना आधीच सांगावे.

लागोपाठच्या दोन १५ ऑगस्टमध्ये उंचीचा फरक एका सेंटिमीटरच्या आत आला की मोजणे थांबवावे. शेवटच्या पानावर पहिल्या पाळीचा किंवा सर्वाधिक वाढीचा महिना आणि साल ठळक लिहावे आणि वही मुलाच्या किंवा मुलीच्या हवाली करावी. वीस-पंचवीस वर्षांनी त्यांना आपल्या मुलांच्या वहीचे पहिले पान भरायचे असेल, आणि तेव्हा ट्रंकेतला फोटो शोधावा लागणार नाही.